मागच्या गल्लीतला जिना

खुशालराव : मी सांगतो, पण जवाईबुवा, कोणाचाच विश्वास बसणार नाही. या अमरावतीत अजून एक दोन खोल्यांची जागा अशी उरली हाय, का तुमची पोर माया घरात शिंकली त बाई वर्गातून रुमाल काढते.

अश्विन : मामाजी, शाळा जवळ आहे, एवढंच म्हणा ना.

खुशालराव : एवढंच म्हणलं त तुमाले खरं वाटन. मंग सांगण्यात मजा कायची?

अश्विन : सकाळपासून गल्लीबोळानं फिरवून राहिले. मालक कोण ते त सांगा.

खुशालराव : पुंजाजी. सेमाडोहचा माणूस. जंगलात इतका राहिला का वाघ त्याले वाट सोडते. म्हणते, जा पाटील, तुमचं काम निकडीचं दिसते.

अश्विन : अन् भाडं?

खुशालराव : नांदगाव रोडच्या त्या ले-आउटमध्ये तुमी फ्लॅट पाहून आले, त्याच्या निम्मंही नाही.

अश्विन : इतकं स्वस्त काहून?

खुशालराव : अट हाय ना त्याची. पायी चालणारी माणसं पाहिजेत म्हणते. मोटारसायकलच्या आवाजानं त्याले जंगल आठवत नाही.

अश्विन : चालणारी त आमच्या घरात एकच आहे. तुमची लेक, प्राजक्ता. अकोल्यात आमचं घर बायपासच्या पलीकडं. कोथिंबीर आणायची त माझी वाट पाहत बसते. संध्याकाळी मायाले घेऊन गेटपर्यंत जाते, ट्रक पाहते अन् परत येते. आता माझी इकडं अमरावतीले बदली झाली तशी म्हणाली, घर लहान चालन, पण मले पायानं कुठंतरी जाता आलं पाहिजे.

खुशालराव : असं म्हणली?

अश्विन : हो. मले म्हणली. तुमाले नाही सांगणार.

खुशालराव : लहानपणी विरजण आणायले धाडलं का वाटी घेऊन गल्लीभर हिंडायची. चार घरच्या गोष्टी ऐकून घरी यायची, तवर दूध नासून जाये. तिची माय चिडे. मी म्हणो, नासू दे, पोरगी गोष्टी घेऊन आली ना.

अश्विन : म्हणूनच पायी हिंडून राहिलो मामाजी. पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या घरात नको, शेजारीही नको. माझा आतेभाऊ सासरी राहिला. आजही लग्नाच्या पंगतीत लोक त्याच्या ताटाकडं पाहून हसतात. घरजावयाले वाढा म्हणतात. मले ते नाही सोसणार.

खुशालराव : शेजारी कोण म्हणते? आपलं घर त पार तिकडं राहिलं. इतकी वळणं घेतली ना आपण.

अश्विन : वळणं घेतली खरी. पण मले वाटते ही चिंच मघाशीही लागली होती.

खुशालराव : अमरावतीच्या चिंचा एकसारख्याच. हा जिना. जपून चढा, सिमेंट नवं हाय.

अश्विन : हवा चांगली आहे हो. ओटाही उंच काढला. प्राजक्ताची पाठ दुखणार नाही.

खुशालराव : पुंजाजीची बायको उंच. कोपऱ्यावर मोहसीनचं किराणा दुकान. फोडणीले जिरं संपलं त मोहरी तडतडायच्या आत घेऊन या.

अश्विन : माया एकटी शाळेत जाईल इथून. हात धरायची गरज नाही.

खुशालराव : गरज नसली त काय झालं? धरणारा असला त धरावा.

अश्विन : कोण धरणार?

खुशालराव : कोणीही. पुंजाजी धरन. त्याले नातवंड जवळ नाही.

अश्विन : ही खिडकी काहून बंद?

खुशालराव : तिले हात नका लावू. बाहेर आग्या मोहोळ हाय. मागच्या भाडेकरूनं उघडली, अन् असा सुजला का दारातून निघेना. भिंत पाडा लागली.

अश्विन : भिंत त नवीच दिसते.

खुशालराव : मनूनच नवी हाय.

(अश्विन खिडकी उघडतो.)

अश्विन : मोहोळ दिसत नाही.

खुशालराव : उडालं असन.

अश्विन : खाली अंगणात खाटेवर एक बाई कुरडया घालून राहिली.

खुशालराव : चैतात कोणत्या अंगणात नाही घालत?

अश्विन : तिनं वर पाहिलं अन् पदर घेतला.

खुशालराव : वर माणूस दिसला का बाया घेतेतच पदर.

अश्विन : हात चिकानं भरलेले, तरी दातात धरून डोक्यावर ओढला. असा पदर फक्त जवाई दिसल्यावर घेतात. त्या मामीजी आहेत.

खुशालराव : ऊन्ह लय हाय. दिसते कधी कधी असं.

अश्विन : पुंजाजी कोणी नाही, मामाजी. तूर ठेवायले वर खोली काढतो म्हणत होते ना तुमी दिवाळीपासून, ती हीच. अन् जिना मागच्या गल्लीत उतरवला, मले सासऱ्याच्या दारातून यावं लागू नये म्हणून.