गीझर कोण लावतं?

नाही, पण मला एवढंच सांगा, ऑगस्ट महिन्यात, शारजात, गीझर कोण लावतं? हसू नका. तुम्ही हसताय म्हणजे तुम्ही इथे उन्हाळा काढलेला नाही. तुम्हाला सांगतो, मी तसा कुणाशी बोलत नाही, चार माणसं जमली की माझी जीभ टाळूला चिकटते, नववीत गुरुजींनी फळ्यापाशी उभं केलं तेव्हा चिकटली ती सुटलीच नाही, शेवटी शाळाच सुटली... पण हे बोलायलाच पाहिजे, कारण हे साधंसुधं नाही, हे ठरवून चाललेलं आहे!

आता इथलं पाणी कसं, बघा. टाकी गच्चीवर आणि गच्चीवर ऊन, म्हणजे निळ्या खुणेचा गार पाण्याचा नळ सोडला की चहाचं आधण! मी आलो त्या दिवशी सरळ निळा सोडून खाली उभा राहिलो आणि जी बोंब मारली, ती ऐकून आमच्या खोलीतले भिकाजीकाका दाराबाहेरून ओरडले, "अरे मेल्या, लाल सोड, लाल! उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा असतो. तो घरात, एसीच्या गारव्यात, त्यातलं पाणी गार. इथे सगळं उलटं, समजलं?" समजलं. लाल म्हणजे गार, निळा म्हणजे भाजका. एवढं पाठ केलं आणि सुखी झालो.

सुख म्हणजे काय हो माझं? मी एसीच्या मेंटेनन्सला आहे, दुबईत, अल बर्शाला. दिवसभर लोकांची घरं गार करायची आणि आपण त्यांच्या गच्चीवर पापडासारखं भाजून निघायचं, मग कंपनीच्या व्हॅनमध्ये बसून शारजाच्या ट्रॅफिकमध्ये शिजायचं, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करणार, पुढचा काही हलणार नाही... आणि त्या सगळ्यात माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र, लाल नळ!

आणि घरही चांगलं मिळालेलं. मैमुनाचाची आणि जमालचाचा, मूळचे दापोलीकडचे, त्यांनी एक खोली भाड्याने दिलेली, त्यात मी आणि भिकाजीकाका. दारात शिरलं की मराठी कानावर पडतं, शुक्रवारी बांगड्याचं कालवण, आणि मी गप्प बसलो तरी कोणी "बोलत का नाहीस" म्हणून खोदत नाही. परक्या मुलखात असं घर मिळतं का? माझा आवाज त्या घरात निघतो तो रोज एकदाच, आईचा देवरुखहून फोन येतो तेव्हा. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे ओरडावं लागतं. "गरम पाण्याने आंघोळ करतोस ना रे?" "हो आई, गरम पाणी मिळतं! कडकडीत! बरं वाटतं!" आता तिला कुठे लाल-निळं समजावत बसू?

तर एका संध्याकाळी आलो, लाल सोडला... आणि उडालोच! कढत! निळा सोडला, तोही कढत! टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन बटण बघतो, तर गीझर बंद. दिवा विझलेला. म्हणजे कोणीतरी लावलाय, पाणी तापवलंय आणि मी यायच्या आधी गुपचूप बंद केलाय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी मात्र, बाकीचे सगळे आंघोळ करतात तेव्हा, पाणी छान गार! म्हणजे कढत कोणाला? फक्त मला! तुम्हीच सांगा, गीझर कोण लावतं?

मी म्हटलं, बादली आणू. आणली, वीस दिरहामची, म्हणजे रुपयांत... जाऊ दे, हिशेब केला की अंग आणखी तापतं. सकाळी पाणी भरलं, वर ताट झाकलं, बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवलं. संध्याकाळी ताट काढतो तर आतून वाफ! भरून ठेवलेलं पाणी, हो! ते कसं तापेल? मग बादली माझ्या पलंगाखाली ठेवली, एसीच्या थेट झोतात. संध्याकाळी ताट काढलं... चष्मा असता तर काचा धुरकटल्या असत्या! त्या दिवशी मी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून रामरक्षा म्हटली.

मग वाटलं, भूतबित काही नाही, हे माणसाचंच काम. सापळा लावला. गीझरच्या बटणाला टूथपेस्ट फासली. रात्री जेवताना ज्याचं बोट पांढरं, तो चोर! जमालचाचांचं बोट बघितलं, स्वच्छ. त्यांची मुलगी नबिला, कॉलेजात जाते, तिच्या बोटाकडे बघायला लागलो तर ती म्हणाली, "एक्स्क्यूज मी?" मी मान जी खाली घातली ती भात संपेपर्यंत. चाचीचे हात पिठात. आणि भिकाजीकाका? ते कामाला कुठे, तर जिप्समच्या फॉल्स सीलिंगला! बोटं सोडा, कोपरापर्यंत पांढरे! आता यात टूथपेस्ट कुठली शोधू, हुंगून बघू काय?

पण संशय पक्का झाला तो पुढे. एक दिवस खोलीत शिरतो तर काका मेझर टेप घेऊन माझा पलंग मोजतायत! मला बघून टेप फर्रकन खिशात. "काही नाही, असंच." असंच? माणूस दुसऱ्याचा पलंग असंच मोजतो? त्यांचा भाचा कुडाळहून यायचाय, मला माहीत होतं. मग सगळं जुळलं. भाच्याला माझा पलंग हवा, मला तोंडाने जा म्हणवत नाही त्यांना, म्हणून उकडून बाहेर काढतायत! खरं सांगू, राग नाही आला. मी शेजारच्या अजमानला एक जागा विचारून ठेवली. बॅग भरून पलंगावर ठेवली. शुक्रवारी कालवण खाऊन निघायचं ठरवलं... भांडायचं तर बोलावं लागतं ना.

आणि गुरुवारी कामावर कॉम्प्रेसरचा पार्ट आला नाही, साहेब म्हणाले, "खलास, घर जाओ." मी भरदुपारी घरी. दार उघडतो तर काय... मैमुनाचाची माझी बादली बाथरूममध्ये उपडी करतायत! आणि बटणावरचा लाल दिवा चालू! मी म्हटलं, "चाची... तुम्ही?"

"आलास पोरा? अरे, बंद करायचं राहिलं बघ. जमालला सांगू नकोस हां, बिलावरून ओरडेल. तू सकाळी पाणी भरून ठेवतोस, ते बिचारं थंडगार पडतं, मग मी ओतून देते आणि कडकडीत भरते."

"पण... का?"

"का म्हणजे? तू या घरात कधी काही मागत नाहीस, बोलत नाहीस. एवढं एकच बोलतोस, रोज आईला ओरडून सांगतोस, गरम पाणी मिळतं, बरं वाटतं. म्हटलं, पोराला एवढंच सुख आहे तर तेवढं तरी द्यावं." मग पलंगावरची बॅग दाखवून म्हणाल्या, "आणि ही का भरलीस? गावी चाललास? कोणी काही बोललं?" त्यांचा चेहरा असा झाला, की मी म्हटलं, "नाही... कपडे नीट ठेवले." मागून काका आले, जेवणाच्या सुट्टीत, हातात कापड. "धर तुझा पडदा. तुझ्या मोबाईलचा उजेड डोळ्यांवर येतो माझ्या, म्हणून पलंग मोजून शिवून आणला." आणि भाचा? तो गोव्यालाच नोकरीला लागला.

आता सांगा, कुठल्या तोंडाने म्हणू, की चाची, मला भाजतं? तेवढ्यात आईचा फोन. "गरम पाणी मिळतं ना रे?" मी तोंड उघडायच्या आत चाचीने फोन घेतला आणि माझ्यापेक्षा मोठ्याने, "मिळतं हो! मी स्वतः लावते!" पलीकडून आई रडवेली. "तुमचे फार उपकार हो! जरा सकाळीही लावत जा, त्याला लहानपणापासून सर्दीचा त्रास आहे."

शुक्रवारी सकाळी बाथरूममधून बोंब आली आणि भिकाजीकाका टॉवेल गुंडाळून बाहेर पडले, उकडलेल्या कुर्लीसारखे लाल. "अरे, गीझर कोण लावतं?"

मी नव्या पडद्याआडून म्हटलं, "आई लावते, काका. देवरुखहून."