चाळीस बटणांवरचं चंदन

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या शाळेचे त्या काळचे कारभारी माननीय वरदराज राव, पुण्याहून एवढ्या उन्हात आलेले प्रमुख पाहुणे प्राध्यापक दामले, सत्कारमूर्ती श्रीमती तुळसीबाई, त्यांची लेक आणि जावई, आडुतुरै नि तिरुप्पनंदाळहून बस बदलत आलेले आमचे मराठी बांधव, आणि समोर बसलेली माझी मुलं! मुलं म्हणतो खरा, पण तुमच्यातल्या काहींच्या मिशा माझ्यापेक्षा दाट आहेत.

मी हयग्रीव राव. सत्तावीस वर्षं तुळसीबाईंबरोबर एकाच शाळेत होतो, त्यांतली अकरा वर्षं त्यांचा हेडमास्तर म्हणून. शाळेत गेल्या शुक्रवारी तमिळमध्ये निरोप झाला, हार झाले, फोटो झाले. मग आजची ही घरची सभा कशासाठी? तर बाईंना आपल्या घरच्या भाषेतही कोणी दोन चांगले शब्द सांगावेत म्हणून. दामलेसाहेब, आमची मराठी ऐकून आपण मघापासून मिशीत हसता आहात, ते मी पाहतो आहे. हसा! आमचे पूर्वज इकडे आले तेव्हाची मराठी आम्ही जपून वापरतो, म्हणून तिला थोडा पेटीतल्या कपड्यांचा वास येतो.

बाईंची थोरवी कोठून सांगू? त्यांनी पस्तीस वर्षांत कधी छडी हातात घेतली नाही. आवाज चढवला नाही. उलट वर्गात गलबला झाला की त्या आणखी हळू बोलत, आणि काय सांगतात ते ऐकायला पोरं आपोआप गप्प होत. ही युक्ती मी घरी वापरून पाहिली. आमच्या रुक्मिणीबाई समोरच बसल्या आहेत, त्यांना विचारा काय झालं ते. काही झालं नाही.

पण आज मला सांगायचं आहे ते कॉम्प्युटरच्या वर्गाबद्दल. आणि त्याच ओघात बाईंच्या नोकरीच्या कागदांत एक ओळ आहे, तिच्याबद्दलही. त्या ओळीनं बाईंचं काय नेलं हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ती खोटी आहे, हे मात्र फक्त दोघांना ठाऊक आहे.

साल एकोणीसशे एकोणनव्वद. पाचवीत एक्केचाळीस मुलं. त्यांतल्या तिघांच्या घरी सिंगापूरहून, दुबईहून काका-मामांनी पाठवलेले छोटे कॉम्प्युटर होते. आताच्या मुलांनी मोठी पेटी डोळ्यांपुढे आणू नये. पाटीएवढं काळं यंत्र, त्यावर रबराची चाळीस बटणं. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरवरून कॅसेट लावायची, आणि मग ते असं किंचाळायचं की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली ठोकाठोक बरी वाटावी. घरी या यंत्रांवर काय चालायचं? दुपारभर राक्षस मारणं. तुळसीबाईंनी तिघांना सांगितलं, "उद्यापासून शाळेत घेऊन या."

आणि मुलं घेऊन आली! सायकलरिक्षात मांडीवर, पंच्यात गुंडाळून. टीव्ही माझ्या घरचा. शुक्रवारची गाणी बुडतात म्हणून घरातून मला जे ऐकावं लागलं, ते या सभेत सांगण्याजोगं नाही.

बाईंचा एक नियम होता. ज्याचं यंत्र, त्यानं त्या दिवशी हात पाठीमागे बांधायचे. त्यानं फक्त तोंडानं सांगायचं, बटणं दाबायची ती ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनी. मी म्हणालो, "बाई, हे उलटं नाही का?" त्या म्हणाल्या, "सार, त्याचे हात घरी चालतातच. शाळेत त्याला दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे." उरलेल्या अडतीस मुलांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर चाळीस चौकोन आखून घेतले होते. घरी त्यांवरच बोटं चालवायची. शिवकामी नावाची मुलगी होती, बाप पितळी भांड्यांना पॉलिश करायचा. ती तर डोळे मिटून पत्रिकेवर बोटं मारत बसायची. तिच्या आईला वाटलं, पोरीला काही लागीर झालं!

नियम पालकांना रुचला नाही. अध्यक्षमहाराज, आपण मला म्हणाला होता, आठवतं? "माझ्या भावानं पाठवलेलं यंत्र, आणि माझा रघुपती हात बांधून उभा? त्यानं काय गुन्हा केला?" बापाच्या जिवाला लागणारच. आपण हसता आहात, म्हणजे आठवतं. शेवटी कमिटीनं ठरवलं की विजयादशमीला सकाळी लहान पोरांना पहिलं अक्षर गिरवून घ्यायला सगळे शाळेत जमतातच, तेव्हा वर्ग पाहायचा. पटलं तर चालू, नाही तर यंत्रं आपापल्या घरी. खरं सांगतो, वर्ग बंद केल्याचं पत्र मी आधीच लिहून खिशात ठेवलं होतं. कारभाऱ्यांची मर्जी मोडण्याएवढा मी कधीच शूर नव्हतो.

आदल्या दिवशी सरस्वतीपूजा. आपल्याकडची रीत दामलेसाहेबांसाठी सांगतो. पुस्तकं, पाट्या, हत्यारं, ज्यानं ज्याचं पोट नि डोकं चालतं ते सगळं देवीपुढे मांडायचं, चंदन-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आम्ही शाळेची घंटा मांडली, पृथ्वीचा गोल मांडला आणि तिन्ही कॉम्प्युटर मांडले. चंदन लावायला मी बसलो. दोन यंत्रांना माथ्यावर एकेक बोट लावलं. तिसरं रघुपतीचं, म्हणजे कारभाऱ्यांच्या घरचं! तिथे माझी भक्ती उफाळून आली. मी बटणाबटणाला चंदन लावू लागलो आणि वर कुंकू.

बाई म्हणाल्या, "सार, एक बोट पुरे की."

मी म्हणालो, "बाई, देवीच्या घरी एक अक्षर लहान नि एक मोठं आहे काय?"

चाळीस बटणं, चाळीस टिळे. ओलं, ताजं उगाळलेलं चंदन. वर ही शिकली-सवरलेली शेखी! आणि पूजा झाल्यावर पुसायची सोय नाही, कारण हात लावायचा नाही.

सकाळी पुन्हा पूजा करून यंत्र उचललं, तर चंदन फटींत उतरून दगड झालेलं. बटणं खाली जाईनात. कुंकू रबरात मुरून अक्षरं दिसेनात. बाईंनी नारळाच्या झावळीच्या काड्या घेतल्या, ओलं फडकं घेतलं आणि दाराशी बसून फटी कोरू लागल्या. तेवढ्यात कमिटी आली. अध्यक्षमहाराजांनी आपलं यंत्र पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

मंडळी, मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझ्या नखांत चंदन होतं.

तुळसीबाई म्हणाल्या, "माझं लक्ष राहिलं नाही. चूक माझी."

आणि मी? मी खाकरलो. तेवढंच केलं.

पुढचं बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. कोणी तरी म्हणालं, अक्षरंच दिसत नाहीत, आता कोण चालवणार? रघुपती बसला, पण तो बिचारा नेहमी अक्षर पाहून बोट ठेवणारा, अडखळला आणि उठला. तेव्हा शिवकामी येऊन बसली. अध्यक्षमहाराज रागातच म्हणाले, "माझ्या दुकानाचं नाव लिही बघू." तिनं बटणांकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर पडद्यावर, बोटं लग्नपत्रिकेवर चालावीत तशी. मध्येच एक बटण अडलं. तेव्हा मागून रघुपती म्हणाला, "ते खालच्या बाजूनं दाब, तिरकं. घरी पण ते तसंच आहे." त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तरी हात पाठीमागेच होते. दुकानाचं अख्खं नाव पडद्यावर आलं. अध्यक्षमहाराज, त्या वेळी आपण पडद्याकडे पाहत नव्हता, मुलाकडे पाहत होता. आपण एवढंच म्हणालात, "वर्ग चालू दे." मन मोठं असल्याशिवाय असं म्हणता येत नाही. तो वर्ग पुढे सात वर्षं चालला.

शिवकामी आज तंजावरला नर्सिंग शिकते. कॉम्प्युटरचं काही केलं नाही तिनं. बाईंना त्याचं वाईट वाटत नाही. त्या म्हणतात, भीती गेली ना, मग काही का शिकेना.

वर्ग वाचला. पण यंत्र बिघडलं होतं, त्याचा ठराव व्हायलाच हवा होता. "शिक्षिकेच्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थ्याच्या वस्तूचे नुकसान." अक्षर माझं, सही माझी. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. चार वर्षांनी मी निवृत्त झालो, तेव्हा हेडमिस्ट्रेस व्हायचा हक्क बाईंचा होता. कमिटीपुढे ती ओळ वाचली गेली आणि बाहेरचा माणूस नेमला. त्या बैठकीत मी होतो. तेव्हाही खाकरलो.

विजयादशमीच्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो होतो. विचारलं, का केलंत असं? त्या पूजेच्या सुंडलाचा प्रसाद वाटत होत्या, माझ्याही हातावर हरभरे ठेवले आणि म्हणाल्या, "सार, पहिलं अक्षर गिरवायला आलेली तेवीस पोरं तांदळाच्या ताटांपुढे बसली होती. त्यांच्या आया उभ्या होत्या. पोरांची बोटं तुम्ही धरायची होती. त्या घटकेला त्या आयांनी तुमची खाली गेलेली मान पाहायची का?" मी म्हणालो, उद्या सांगतो सगळ्यांना. त्या म्हणाल्या, "वर्ग चालू झाला ना? मग राहू दे." त्यांनी राहू दे म्हटलं आणि मी नऊ वर्षं राहू दिलं. मला ते फार सोयीचं होतं.

आज त्यांचं पद त्यांना परत देणं कोणाच्या हाती नाही. नाव मात्र देता येतं. अध्यक्षमहाराज, हा माझ्या सहीचा कागद. यात खरं काय झालं ते लिहिलं आहे. त्या ठरावाच्या शेजारी तो लावावा आणि ती ओळ खोडावी, एवढं आपल्या कमिटीला सांगावं. बाई, हातानं नको नको करू नका. एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा मी तुमचं ऐकणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलू दिलं, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. भाषण लांबलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, मराठीत तमिळ शिरली असेल, तर म्हातारा समजून सभेनं पोटात घालावं. ती दुसरी चूक मात्र सभेनं माफ करायची नाही. तिची माफी एकाच माणसाकडे आहे. तुळसीबाई, तुम्ही उठू नका. मी येतो तुमच्यापाशी.