बदलीच्या अकरा ओळी

सुज्ञ वाचकहो, आता आपणांसमोर एक सत्त्वपरीक्षेचे संभाषण सादर होत आहे. स्थळ : सोलापुरातील एका कापड गिरणीतील कॉम्प्युटरची खोली. काळ : सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, डिसेंबरातील दुपार. कामगारांची हजेरी ठेवण्याकरिता आणलेल्या नव्या यंत्राची चाचणी चालू होती. बोलणाऱ्या व्यक्ती तीन : यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या वच्छलाबाई, पूर्वी मागखात्यात असलेले व हल्ली यंत्र चालविणारे महिपती, आणि हजेरीखात्याचे प्रमुख चनबसप्पा. त्यांच्या बोलण्यात मी ढवळाढवळ करणार नाही.

महिपती : ...अन् ह्यो पाचवा गठ्ठा, बाई. कागद सरला. सकाळधरनं मशीन विंग्रजीत नुसतं बडबडतंय. नोंदवही उघडली, कार्ड वाचलं, नाव सापडलं, नोंदवही मिटली. एका माणसामागं चार ओळी, अन् माणसं तीन हजार. माझं डोळं दुकायला लागलं की.

वच्छला : दोष यंत्राचा नाही, मामा. प्रोग्रॅम नवा असताना पावलोपावली काय घडते ते कळावे, म्हणून मीच त्याला बोलायला लावले होते. आता ते बोलणे पुरे. प्रोग्रॅमच्या या भोके पाडलेल्या कार्डांतले सर्वांत वरचे कार्ड पाहा. त्यावर तीनचा आकडा आहे, म्हणून यंत्र सर्व काही छापते. त्याजागी शून्याचे लावते.

महिपती : शून्य म्हंजी गप?

वच्छला : पूर्ण मौन. शेवटी 'काम पूर्ण' एवढेच छापील.

(यंत्र पुन्हा चालते. अर्ध्या तासाने छापील कागदाचे एकच पान बाहेर येते. चनबसप्पा येऊन ते उचलतात.)

चनबसप्पा : 'काम पूर्ण.' बास, एवढंच पाहिजे होतं. उद्या दहाला मॅनेजरसाहेब येतात, हे पान टेबलावर ठेवतो. ट्रायल पास झाली की एक तारखेपासून हजेरी मशीनवर, जुनी मस्टरं रद्दीत, आणि बाई, तुमची पोस्ट पर्मनंट. साहेब स्वतः म्हणालेत मला.

महिपती : साहेब, सकाळच्या गठ्ठ्यात निघालेली हजेरीची यादी मघाशी चाळली मी. रीळखात्यात सोनाबाईचं दिवस कोरं हायेत.

चनबसप्पा : सोनाबाई म्हणजे तुमच्या घरातली ना? ती बदलीवर.

महिपती : व्हय. रोज सकाळी गेटावर हुबी राहती. जी बाई आली न्हाय, तिच्या नंबरावर हिला आत घेत्यात. गेल्या म्हैन्यात बावीस दिवस भरली ती, सोजरबाईच्या नंबरावर. सोजरबाई बाळंतपणाला करकंबला गेलीया.

वच्छला : यादीत सोजरबाईंचे दिवस किती आहेत?

महिपती : बावीस.

चनबसप्पा : करकंबला बसून बावीस दिवस भरली? यप्पा, बाळंतीण कामाची आहे.

वच्छला : यंत्राने सांगितले असणार. एका क्रमांकावर दोन नावे आली की तक्रार छापावी, असे मी त्यात लिहिले आहे. सकाळी त्या ओळी बारा हजार ओळींत बुडाल्या. आणि आता शून्य लावून मी त्यांचेही तोंड बांधले.

महिपती : मागखात्यात आमचं असं न्हवतं, बाई. चार माग एकदम खडखडत्यात, पर विणकर ती खडखड मनावर घेत न्हाय. धागा तुटला की माग थांबतो, तेवढं त्याला कळतं. खडखड बंद करावी. थांबणं कशाला बंद करायचं?

वच्छला : अगदी तसेच. एकचे कार्ड लावते. तक्रारी तेवढ्या छापल्या जातील.

चनबसप्पा : आणि उद्या साहेबांपुढे तक्रारींचा कागद ठेवू? शून्य राहू द्या. पास झाल्यावर करा काय करायचं ते.

वच्छला : पास झाल्यावर मस्टर रद्दीत जाईल, असे आपणच म्हणालात. बदलीला दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करतात. मग या बायकांनी आपले दिवस कोणत्या कागदावर दाखवायचे?

चनबसप्पा : पोस्ट तुमची अडकलीय, बाई. माझी नाही.

वच्छला : ठाऊक आहे. मामा, लावा एकचे कार्ड.

महिपती : लावलं. (अर्ध्या तासाने) आलं, बाई. एकच पान हाय. एक, दोन... अकरा ओळी.

चनबसप्पा : बघू. बजाबाई. रत्नम्मा. लीला. ह्या सगळ्या बदलीवाल्या की. मीच आत घेतो ह्यांना रोज. आठ वर्षं मस्टर ठेवलं, सगळ्या बदल्या एका जागी दाखवणारा असा कागद कधी हातात आला नाही माझ्या.

वच्छला : मग उद्या कोणते पान ठेवणार?

चनबसप्पा : हेच. अकरा ठिकाणी बदली आहे हे मशीनने स्वतः सांगितलं, असं म्हणेन साहेबांना. नाही पटलं तर मी बसलोय. गेटाची बदलीवही माझ्या कपाटात आहे, आणतो. संध्याकाळच्या आत अकराही जुळवू.

वच्छला : सोजरबाईंच्या क्रमांकापुढे दुसरे नाव कोणते आहे, मामा? वाचून खात्री करा.

महिपती : सोनाबाई. एवढं विंग्रजी मला येतं, बाई.

येथे हा संवाद पूर्ण झाला. आपला अमूल्य वेळ खर्चून आपण तो अखेरपर्यंत वाचलात, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
धोंडीराम सिद्राम काशीद, सोलापूर