बारा डब्यांचा रिपोर्ट

...आणि वर मलाच म्हणतात, "सविता, तू उगाच मनाला लावून घेतेस!" मी? अहो, तुम्हीच सांगा, त्रेपन्न वर्षांच्या नवऱ्याच्या शौचात रक्त सापडलंय आणि हा बाबा सकाळी गच्चीवर जाऊन हात वर करून हसतो... हा हा हा, हो हो हो! मनाला नाही तर काय गुडघ्याला लावून घेऊ?

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमच्या सोसायटीत, इंदिरानगरला, बारा पुरुषांचा हास्यक्लब आहे. सगळे पंचेचाळीस ते साठमधले, सगळ्यांची पोटं त्यांच्या आधी गच्चीवर पोचतात. तिथे एका डॉक्टरीणबाईंनी शिबिर घेतलं. बिचारीने काय गोड समजावलं... "आतड्याचा कॅन्सर सुरुवातीला काही म्हणता काही दाखवत नाही, म्हणून त्रास नसतानाच तपासायचं. उद्या सकाळी या डबीत काडीभर नमुना आणा, आपापला, झालं!" आपापला म्हणाली हो ती! मी पहिल्या रांगेत होते.

पण आमचे पुरुष! गोरक्षभाऊ म्हणतात, "वहिनी, सकाळी सकाळी होईलच याची काय गॅरंटी?" ललितराव तर लाजून अर्धे... "मी एवढा बँकेतला माणूस, हातात हे घेऊन लिफ्टने उतरू? वाटेत कुणी विचारलं तर?" आणि आमच्या यांचं, खंडेरावांचं, पोट म्हणजे घड्याळ. साडेपाच म्हणजे साडेपाच! मग काय, लागले सगळे मागे, "खंडेराव, जरा ॲडजस्ट करा ना!" आणि यांचा स्वभावच मदतीचा! सोसायटीच्या मीटिंगला न आलेल्यांच्या सह्या हेच ठोकतात, कुणाचं लग्न असो, पंगतीत वाढायला हेच, कुणाचा सिलिंडर आला, उचलायला हेच... नाही म्हणून म्हणवत नाही माणसाला! रविवारी पिशवीत बारा डब्या घेऊन निघाले, मला वाटलं, सगळ्यांच्या गोळा करून पोचवतायत. मी वर आल्याचा चहा करून दिला हो!

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. बाराच्या बारा डब्यांत रक्त!

सोसायटीत नुसता गोंधळ. त्याच संध्याकाळी मिसळीवर तातडीची बैठक. मिसळीवर बरं का, पोटाची चर्चा! "एकजात बारा? शक्यच नाही, मशीन बिघडलंय!" "लुटायचे धंदे आहेत, आता दुर्बीण घालायला लावतील!" "रस्सा आण रे अजून!" आणि आमचे हे? हेही हसले म्हणे त्यांच्यात.

घरी आले ते चप्पल न काढताच सोफ्यावर बसले. पाणी दिलं तर ग्लास हातातच. म्हणाले, "सविता... त्या सगळ्या डब्या माझ्याच होत्या गं."

काय झालं असेल मला? बाकीच्या अकरांची तपासणीच झालेली नाही, जे आहे ते या एका माणसाला आहे, आणि त्याची काळजी आख्ख्या नाशिकमध्ये मला एकटीलाच! म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडे. "अगं, मूळव्याध असेल." असेल ना, पण बघितल्याशिवाय कसं कळणार? "मिसळीचा तिखटपणा असेल." अहो, असेल! बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रक्त म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण दुर्बिणीने बघायलाच हवं. तुम्ही त्यांना घेऊन या." घेऊन या! ऐंशी किलोचा माणूस, काखेत मारून नेऊ? रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. कुणाच्याही हाकेला धावतात, स्वभावच मदतीचा, पण मी हाक मारली की यांना ऐकू येत नाही.

तेवढ्यात क्लबने आरडाओरडा करून परत डब्या मागवल्या, फेरतपासणीला. मी देवीसमोर हात जोडले... वणीच्या बाजूला तोंड करून म्हटलं, आई, आता तरी प्रत्येकाला आपापली बुद्धी दे!

तर काय, या खेपेला पुढे आले क्लबातलेच हिरामणभाऊ. पेठ तालुक्याकडचे, नागलीच्या भाकरीवर वाढलेले. म्हणाले, "आणा हिकडं. आपल्या पोटाला कसली खोट नाय!" आणि दिल्या अकरांनी आपापल्या डब्या त्यांच्याकडे. हो, अकरांनी... यांनीसुद्धा! मी म्हटलं, अहो, तुम्ही तरी? तुम्हाला माहितेय ना! खाली बघून म्हणाले, "भीती वाटते गं. निघालं काही तर?"

मलाही तीच भीती वाटते हो. पण माझ्या भीतीला रात्रभर झोप नाही, आणि यांची भीती घोरते!

तुमच्यात कुणी पंचेचाळिशी ओलांडलेले असाल तर हात जोडते, काय लाजायचं ते लाजा, पण आपली डबी आपणच भरा हो! ...हसताय? हसा. क्लबातही हसतात.

काल नवा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. यांनी तो लॅमिनेट करून घेतला आणि देवघराशेजारी लावला. वर नाव यांचं, वय यांचं, फोन नंबर यांचा... आणि तब्येत हिरामणभाऊंची! येताना किलोभर पेढे घेऊन आलेत. घ्या, तोंड गोड करा... हिरामणभाऊ अगदी ठणठणीत आहेत.