रेकॉर्ड उलटायला माणूस

तिथं नका बसू, पावणं, त्या खुर्चीचा पाय हलतोय — हितं बसा, कपाटाजवळ. तुमच्या बहिणीला, आक्काताईंना, बसू द्या भाईर चिमणाबाईंशी बोलत, त्यांनीच तर म्हटलं न्हवं का, दोघं आत बसून जरा बोला म्हणून. आन् तुम्ही इचारलासा, 'तुम्हाला आवड कशाची?' सैपाक, वाचन, भरतकाम असं सांगायचं असतंय, माहीत हाय मला, बघायला आलेलं तुम्ही काय पयलंच न्हाय. पर बिद्रीवरनं एवढ्या उन्हाचं आलासा, खोटं कशाला बोलू? मला बिथोवन आवडतोय. — हासा की, हासा. मी शिकवते त्या गडमुडशिंगीच्या शाळंत माझ्याबरोबरच्या बाईबी हासत्यात.

कोण म्हंजे? जर्मनीतला, दोनशे वर्षांमागचा. सिंफनी लिवायचा — गाणं न्हवं, गाणारं कोण नसतंयच, नुसती पन्नास-साठ माणसं वाद्यं घेऊन बसत्यात आन् म्होरं एकजण हात हलवून वाजवून घेतोय. फक्त नवव्या सिंफनीत शेवटाला गात्यात. अशा नऊ लिवल्या त्यानं, आन् ह्या कपाटात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, त्या नऊच्या नऊ तीनदा हायत. — व्हय, त्याच नऊ, तीनदा. असंच इचारत्यात सगळी, एकदा असल्यावर परत कशाला? अवो, पिठलं तुमच्या घरातबी होतंय, आमच्याबी होतंय, चव एक असती व्हय? वाजवून घेणारा बदलला की सगळं बदलतंय. आबांच्या, माझ्या वडलांच्या, तोंडात त्यांची इंग्रजी-जर्मन नावं बसायची न्हाईत, म्हणून आम्ही घरातच नावं पाडली. हा लाल डबा म्हंजे म्हातारा. हा निळा, फोटोत डोळं मिटल्यात बघा — हा डोळं मिटलेला. आन् ही बारकी सीडीची पेटी — घाईवाला.

आबा पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. म्हाताऱ्याचा डबा त्यांच्या बँडमास्तरनं दिलेला, गोव्याचा होता, रिटायर होताना म्हणाला, जोतीराम, हे तूच ऐकशील. पलटणीतनं सुटून आबा कोल्हापुरात आले आन् लग्नाच्या बँडात लागले — दिवसभर वरातीत पोरास्नी नाचवायचं, घरी आलं की पाय धुवायचे आन् म्हणायचे, 'आता कान धुतो.' मग मला नि प्रसेनजीतला, माझा थोरला भाऊ, म्होरं बसवायचे. तिसऱ्या सिंफनीत एक मयताची चाल हाय. तीच दोघांची लावायची, एकापाठोपाठ, घाईवाला तवा न्हवता, आन् इचारायचं — 'खरा कुठला?' प्रसेन ऐकायच्या आधीच म्हणायचा 'म्हातारा', आन् खेळाय जायचा. शाणा होता. मी वाद घालायची.

तुम्हीच सांगा. म्हाताऱ्याची चाल कशी, तर खरंच तिरडी खांद्यावर हाय आन् म्होरं चढ हाय. पावलं टाकवत न्हाईत. रेकॉर्ड जुनी, लोकं बसलेली असताना केलेली, मधीच एक माणूस खोकतोय — आबा त्याच्या आधी बोट वर करायचे, 'आता खोकला.' आन् खोकला यायचा. डोळं मिटलेला कसा, तर नुसती पुसलेली फरशी. चूक सापडत न्हाय, आन् 'तीच त्याची चूक' आबा म्हणायचे. आन् घाईवाला, तो लई नंतर आला — त्याची माणसं थोडी, वाद्यं जुन्या तऱ्हेची, आवाज बारीक. तिथं तिरडी न्हायच. पुरून झालंय, हातपाय धुतल्यात, आन् माणसं घराकडं निघाल्यात. मला तोच आवडायचा. जातोय तरी कुठंतरी, असं वाटायचं.

तो अतुलनं आणलेला. अतुल म्हंजे — जाऊ द्या. सांगते, त्यात काय लपवायचं. राजारामपुरीत व्हायोलिन शिकवायचा. पेटी घेऊन आला, आबांनी बसवून घेतला, मयताची चाल पुरी ऐकली आन् म्हणाले, 'ह्याला घरी जायची लई घाई हाय.' वाजवणाऱ्याला म्हणाले का अतुलला, कोण जाणे. त्याच पावसाळ्यात आबांची उजवी बाजू गेली. वाचा गेली. समजतंय सगळं, फक्त बोलता येत न्हाय. अतुल म्हणाला, आपण पुण्याला जाऊ, आबांस्नी भावाकडं ठेव. भाऊ कुठं हाय? बहारीनला. प्रसेननं तिकडनं चाकाची खुर्ची पाठवली, स्वतः आला न्हाय. — गेला की अतुल. वर्षभर थांबला, मग गेला. त्याचं काय चुकलं?

आता आबा डाव्या हातानं मागत्यात. बोटं दाखवली तेवढा सिंफनीचा नंबर — सातवी पायजे तर आधी पाच, मग दोन. मिशीवरनं हात फिरवला की म्हातारा. डोळं मिटलं की डोळं मिटलेला. घाईवाल्याला खूणच न्हाय, कधी मागितलाच न्हाय. आन् ही रेकॉर्ड म्हंजे काय, एक बाजू वीस-पंचवीस मिनिटं, मग उलटायची. दिवसा आबांजवळ चिमणाबाई असत्यात, पर त्या सुईला हात लावत न्हाईत, भ्यात्यात, मग आबा मी शाळंतनं यायची वाट बघत बसत्यात. आले की सुरू. दूध आणायचं, एक बाजू. गिरणीत जायचं, एक बाजू, आन् पळत माघारी. क्रांती नाव ठेवलंय माझं, आन् मी कोपऱ्यावरच्या दुकानातनं पळत येते, सुई खरखरायच्या आत. ह्या पाच वर्षांत रंकाळ्याला गेले न्हाय मी. हितनं रंकाळा किती लांब हाय?

मग मी डोकं लढवलं. प्रसेनला फोन करून म्हाताऱ्याच्याच सीड्या मागवल्या. तोच म्हातारा, तोच खोकला, सगळं तेच, फक्त उलटायचं न्हाय — तास-सव्वा तास आपोआप वाजतंय. म्हटलं, आता सुटले. लावली. आबांनी सगळी ऐकली. खोकल्याच्या आधी बोट वर केलं. आन् संपल्यावर मान हलवली — नको. रेकॉर्डकडं बोट. मी म्हटलं, आबा, ह्यात खरखर न्हाय, उलट चांगलं हाय, काय फरक हाय सांगा की! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, तरी बोट तिकडंच. दुसऱ्या दिवशी शाळंत मुलांच्या वह्या तपासताना ध्यानात आलं माझ्या. सीडीला उठून यावं लागत न्हाय कुणाला. रेकॉर्ड उलटायला माणूस लागतंय.

न्हाय, रडत न्हाय मी. चहा गार झाला तुमचा.

खरं भ्या कशाचं वाटतंय, सांगू? आबा झोपले की मी हेडफोन कानाला लावून घाईवाला ऐकते — माझा तेवढाच. आन् हल्ली तो मला पोकळ वाटतोय. ती जागा येती, आन् मी थांबते, खोकला यायला पायजे आता — आन् येत न्हाय. त्यात न्हायच तो! चौतीस वर्षांची बाई मी, परक्या देशातल्या, कवाच मेलेल्या माणसाच्या खोकल्याची वाट बघतीया.

थांबा, बारीक लावते, आबा पल्याडच्या खोलीत झोपल्यात — दोन्ही ऐका थोडं-थोडं. ... हा म्हातारा. ... आन् हा घाईवाला. — सांगा. — काय? 'दोन्ही सारखंच'?

अवो, सॉरी कशाला म्हणताय! किती बरं वाटलं मला, ठावं हाय? सारखंच! तुमच्या घरात हे काय नसंल. सकाळी तुमच्या साखर कारखान्याचा भोंगा, सांजेला टीव्हीवर बातम्या, आन् मी कपडं वाळत घालीन, घालतच राहीन, कुणी बोटं दाखवून बोलवायचं न्हाय. मला चालंल पावणं. तुमची पयली बायको वारली, तुम्ही सैपाक करून खाताय, सगळं कानावर आलंय माझ्या, मला चालंल. मी आत्ताच 'व्हय' म्हणते, आक्काताईंना बोलवा —

काय म्हणालासा?

... 'वडिलांस्नीबी आणा. मागची खोली रिकामी हाय. कपाटबी आणा, टेंपो मिळंल कारखान्याचा,' म्हणताय? — भला माणूस हाय तुम्ही. न्हाय, मनापासनं म्हणते. असं कुणी म्हणालं न्हवतं आजवर. अतुलसुदीक न्हाय. म्हंजे तुमच्या घरातबी मागची खोली, त्यात आबा, त्यात म्हातारा, आन् एका बाजूत बिद्रीच्या बाजारात जाऊन यायचं मी. तुम्ही रेकॉर्ड उलटायला शिकाल, व्हय? शिकालच तुम्ही. मग दोघं मिळून उलटू. आन् मग सुटायचं कुठनं मी? मला ते नको होतं, कळतंय का तुमास्नी? मला कुणीतरी 'एकटी ये' म्हणायला पायजे होतं, परत एकदा — ह्यावेळी मी गेले असते, आबांस्नी हितं टाकून, खरंच गेले असते —

मोठ्यानं बोलले का मी?

... जागे हायत आबा. खाट वाजली.

उठा तुम्ही. आक्काताईंना सांगा, पोरगी नको म्हणाली, लई बोलती, डोक्यानं जरा अशीच हाय — काय पायजे ते सांगा. शेवटची एसटी चुकंल तुमची. न्हाय न्हाय, आत नका जाऊ, निरोप घ्यायला नको त्यांचा. सरळ भाईर जावा. जावा की!