सर्दीचा काढा

(गालीलच्या डोंगरातल्या एका गावातलं घरच्या वाइनचं तळघर. शुक्रवारची दुपार. म्हातारा अझरिया, तळघर सांभाळणारी त्याची मुलगी हेम्दा आणि हैफाहून बऱ्याच दिवसांनी आलेला मुलगा एल्काना.)

हेम्दा: हात मागे घे, एल्काना.

एल्काना: घेतला. सवयीनं गेला गं.

अझरिया: तोटीला लागला का?

एल्काना: नाही लागला, अब्बा. तुमचं पिंप शाबूत आहे.

अझरिया: मी आपलं सहज विचारलं.

एल्काना: असू दे. शब्बाथ न पाळता शनिवारी गाडी चालवणाऱ्याचा हात लागला की धर्माच्या नियमानं अख्खं पिंप बाद. पाठ आहे मला. या तोट्या मीच बसवल्यात म्हणून काय झालं? तू ओत, हेम्दा. मी आपला पाहुण्यासारखा बसतो.

अझरिया: पाहुणा कसला? बोलावलंय आम्ही तुला.

एल्काना: हेम्दानं बोलावलं. तुम्ही मागे खोकलात, तेवढं फोनवर ऐकू आलं.

हेम्दा: झालं यांचं सुरू. हा घे पहिला पेला. वरच्या बागेतली. आणि नीट सांग हं, पुढच्या आठवड्यात कुठली कशात मिसळायची ते ठरवायचंय, आणि या घरात आता नाक म्हणून उरलेलं नाही.

एल्काना: म्हणजे?

हेम्दा: अब्बांनी सांगितलं नसेलच. हिवाळ्यात ताप आला, तो जाताना वास घेऊन गेला. चवसुद्धा. परवा चुकून व्हिनेगर दिलं पेल्यात, तर म्हणतात, ठीक आहे, थोडी तरुण आहे.

अझरिया: तुझं मन राखलं मी.

एल्काना: अब्बा, तुम्ही तर रस्त्यानं जाणाऱ्याच्या पिशवीत काय आहे ते गच्चीवरून सांगायचात.

अझरिया: आता स्वतःच्या ताटात काय वाढलंय ते विचारावं लागतं. तू पी.

एल्काना: चांगली आहे. यंदा पानं कमी काढलीत ना? घडांना सावली मिळालीय, आंबटपणा टिकलाय. लाकडाची चव मात्र जास्त उतरलीय. पिंपातून लवकर काढा.

अझरिया: हेच मी हिला सांगत होतो.

हेम्दा: काही सांगत नव्हतात तुम्ही. हा दुसरा घे.

एल्काना: ही घरामागच्या वेलांची. आई जिथे भेंडी निवडत बसायची तिथली.

अझरिया: हो. तिथलीच.

एल्काना: हिला कशात मिसळू नका. आहे तशी भरा बाटल्यांत. अजून आहे का?

हेम्दा: आहे एक. अब्बा, देऊ?

अझरिया: दे.

एल्काना: बाटलीतली? पिंपातली नाही का? आण... हे काय आहे? शिजलीय ही. उकळलेली आहे. जॅमसारखी लागतेय. आणि त्याच वेलांची, चांगली द्राक्षं. हेम्दा, हॉटेलवाल्यांसाठी केलास ना हा उद्योग, वाढपी कुणीही असला तरी चालावा म्हणून? अब्बा, तुम्ही करू कसं दिलंत हिला? उकळलेली वाइन म्हणजे सर्दीचा काढा, असं कोण म्हणायचं या घरात?

हेम्दा: एल्काना, जरा दमानं घे.

एल्काना: दमानं काय? करपलीय सुद्धा. ज्यानं केली त्याला हिच्यातलं काही कळत नाही.

अझरिया: मी केली.

एल्काना: तुम्ही?

अझरिया: तुझ्या आईच्या सरबताच्या पातेल्यात. बुडाला लागली असेल. मला वास आला नाही.

एल्काना: पण कशासाठी?

हेम्दा: कशासाठी काय विचारतोस? उकळलेल्या वाइनला कुणाचाही हात चालतो.

एल्काना: ते ठाऊक आहे मला.

अझरिया: तू उठून गेलास त्या वल्हांडण सणाच्या रात्री तू आईचा पेला भरायला बाटली उचललीस. मी म्हणालो, ठेव खाली.

एल्काना: ठेव खाली एवढंच नाही म्हणालात. म्हणालात, आता ती मोरीत ओता. मावशी होती, तिच्या सुना होत्या. सगळे ताटाकडे बघत बसले. मी उठलो तेव्हा आईचा पेला रिकामाच होता.

अझरिया: म्हणालो खरा. आणि नियम चुकीचा नव्हता.

एल्काना: नियमाबद्दल मी कधी भांडलो, अब्बा?

अझरिया: बोलू दे मला. नियम होता तसाच आहे, पण त्यात एक वाट होती आणि ती मला ठाऊक होती. तुझी आई दर सणाला म्हणायची, एक पातेलंभर उकळा, पोराला बोलवा, त्याच्या हातून पेला भरून घेईन. मी म्हणायचो, माझ्या घरात काढा होणार नाही. डोंगरात कुणी म्हणायला नको ना, अझरियासुद्धा उकळायला लागला. देवाचं काही नव्हतं त्यात. माझा तोरा होता नुसता.

एल्काना: आणि मी तिला फोनवर सांगायचो, अब्बा स्वतः बोलावतील तेव्हा येईन. मी तरी काय कमी? तिच्या मातीला आलो, तेवढाच आलो.

हेम्दा: दवाखान्यात शेवटी शेवटी म्हणायची, पातेलं खालच्या फडताळात आहे. मला वाटलं, तापात बरळतेय.

अझरिया: मला कळलं होतं.

हेम्दा: काय?

अझरिया: ती काय म्हणतेय ते. तरी नाही उकळली. म्हटलं, घरी येऊ दे, मग बघू.

हेम्दा: हे मला आज सांगताय तुम्ही.

एल्काना: मग उकळलीत कधी?

अझरिया: तिला जाऊन वर्ष झालं म्हणून दिवा लावला ना, तो विझल्यावर. खाली गेलो, पातेलं काढलं. त्याच फडताळात होतं.

हेम्दा: ऊन भिंतीवर चढलं. मला शब्बाथचे दिवे लावायचेत. एल्काना, निघायचं असेल तर आत्ताच नीघ. राहिलास तर उद्या शब्बाथ संपून चांदण्या दिसेपर्यंत गाडी हलणार नाही, आधीच सांगते.

एल्काना: गाडीची चावी कुठे ठेवू?

हेम्दा: दे माझ्याकडे.

अझरिया: ती बाटली घे वर. तूच घे. बुडाला हात लाव, गळ्याला धरून लोंबकळवू नकोस.

एल्काना: अब्बा, खरं सांगतो, फार वाईट झालीय ही. टेबलावर दुसरी एखादी ठेवू या.

अझरिया: मला कुठे आता चव कळतेय? तू ओत म्हणजे झालं.