बीटाचं लाल

सुंदरा : खोटं नका बोलू. मोरीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लालभडक!

धुडकू : हळू बोल ना, माय! भिंतीपल्याड पुष्पाबाई कान लावून बसली असंल.

सुंदरा : बसू द्या. नवऱ्याच्या लघवीतून रक्त जातंय अन् मी हळू बोलू?

धुडकू : रक्त कसलं? बीट आहे ते, बीट! आमच्या मिलमधला मगन असाच घाबरून अर्धा झाला होता. डॉक्टर नुसता हसला. म्हणे, बीट खाल्लं की व्हतं लाल. कंई नथी, काही नाही झालं.

सुंदरा : कधीपासून चाललंय?

धुडकू : संक्रांतीपासून. तू घरामागच्या वाड्यातल्या बीटाची भाजी डब्यात द्यायला लागली ना, तवापासून.

सुंदरा : अगं बाई...

धुडकू : काय झालं?

सुंदरा : अहो, ती पानांची भाजी होती.

धुडकू : पानं बी बीटाचीच ना!

सुंदरा : हिरवी पानं. लाल देठ दाताखाली येतात म्हणून तुम्ही कुरकुरता, ते पण काढून टाकायची. बीट एकसुद्धा उपटलं नाही मी. जयश्री बाळंतपणाला येणार, पोरीच्या अंगात रक्त नाही. तिच्यासाठी राखलीत.

धुडकू : एक बी नाही?

सुंदरा : चला, दाखवते.

(दोघं घरामागच्या वाड्यात येतात.)

सुंदरा : हे बघा. सगळी मातीतच आहेत.

धुडकू : हां.

सुंदरा : खाली का बसलात? चक्कर येते का?

धुडकू : मिलच्या कलरखोलीत कापड रंगवण्यात जन्म गेला माझा. दुरून रंगाची शेड सांगतो. मला कळत नव्हतं व्हय, ते कशाचं लाल आहे? पन माझ्या जोडीला कामाला होता त्या सखारामचं असंच सुरू झालं होतं, सुंदरा. दिवाळी नाही पाहिली त्यानं. फार भ्या वाटायचं गं. रोज मनाला सांगायचो, बीट आहे, बीट आहे.

सुंदरा : उठा. दवाखान्यात जाऊ.

धुडकू : एक उपट ना.

सुंदरा : आत्ता? कशाला?

धुडकू : कच्चंच खातो. मंग उद्या तरी खरंच बीटाचं व्हईल.

सुंदरा : नाही. ती जयश्रीची आहेत. चपला घाला.